फालसे, लस्सी आणि मोतीबिंदू

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ऐन मे महिन्यात. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने त्या पाच मिनिटांची दुपार केली. जेवण झालं की इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या आमच्या घरात हॉलमधल्या दिवाणावर ती तोंडावर पदर घेऊन पडायची. टीव्हीही हॉलमध्येच. त्याला जोडलेला माझा जेल रोडवरून आणलेला सेकंडहँड पीएस थ्री, म्हणजे व्हिडिओ गेमचं यंत्र, आणि त्यात अर्धवट राहिलेला 'फायनल फँटसी' या गेमचा तेरावा भाग.

"बघता तर येत नाही, निदान सांग तरी काय चाललंय," पदराखालून आवाज आला. "माझी सीरियल बुडतेय चार दिवस."

मला वाटलं, सांगू. त्यात काय! १९८७ पासून चाललेली गेमची मालिका, तिचे सात-आठ भाग मी स्वतः पार केलेले. घसा साफ केला.

"आकाशात लटकलेलं एक जग आहे, कोकून नावाचं. ते फालसी चालवतात."

"कोण?"

"फालसी. म्हणजे अर्धे देव, अर्धी यंत्रं. उजेड, जेवण, सगळं तेच पुरवतात. मग ते एखाद्या माणसाला निवडतात, की तो लसी होतो."

"फालसे आणि लस्सी," आई म्हणाली. "उन्हाळ्याची गोष्ट दिसतेय."

मी तसंच पुढे रेटलं. लसी झाला की त्याला एक काम मिळतं. कुठलं काम, ते कोणी सांगत नाही. एक अंधुक दृश्य दिसतं, त्यावरून आपलं आपण ओळखायचं. नाही जमलं तर राक्षस व्हायचं. जमलं तर स्फटिक.

"म्हणजे केलं तरी दगडच?"

"हो."

"तुझ्या बाबांच्या खात्यात असंच होतं."

आता माझी पंचाईत अशी, की या गेममधलं जे उत्तम आहे ते सांगता येत नाही, आणि जे सांगता येतं ते उत्तम नाही. लढाई काय आहे म्हणून सांगू! आपल्या हातात एकच गडी, बाकीचे दोघे स्वतःच्या अकलेने लढतात. पण डाव्या तर्जनीखालचं एक बटण दाबलं की तिघांचीही कामं एका झटक्यात बदलतात. दोघं जादूने शत्रूचा पट्टा, म्हणजे त्याला किती मार बसला ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी, भरत असतात, भराभर चढतो तो. पण तितक्याच भराभर उतरतो, म्हणून तिसऱ्याने तलवारीने ठोकून तो धरून ठेवायचा. तेवढ्यात आपलाच एक जण मरायला टेकतो. बटण. एक ढाल घेऊन पुढे, दोघं मलमपट्टीला. सावरलं? पुन्हा बटण. पट्टा काठोकाठ भरला की शत्रू हवेत, आणि मग नुसती धुलाई. अंगठ्याला घट्टा पडला तरी बेहत्तर. हे सगळं आईपर्यंत पोचलं ते असं:

"आता?"

"मारतोय."

"आणि आता?"

"अजून मारतोय."

मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "भिया, कहानी कौन देखता है, लड़ाई देख!" खरंय. आम्ही इंदूरची माणसं, भाजी फसली तर वर मूठभर शेव टाकून निमूट जेवणारी. इतकी वर्षं मी या मालिकेच्या गोष्टीवर लढाईची शेव टाकूनच खात आलो. १९९२ च्या पाचव्या भागात गोष्ट म्हणजे फुटणारे स्फटिक आणि एक दुष्ट जादूगार, बास. पण पात्रांचे पेशे अदलाबदल करण्यात असा काही जीव रमायचा, की गोष्टीची आठवणही यायची नाही. आईचं बालपण संगीत नाटकांत गेलेलं, तिला हे पटलं. नायक घाईत निघालेला असतो, तरी पद म्हणतो, वन्स मोअर घेतो, पुन्हा म्हणतो. "पण सौभद्रात सुभद्रा कोणाला मिळणार हे आम्हाला घरूनच ठाऊक असायचं," ती म्हणाली. "तुझ्या लस्सीवाल्यांचं तसं आहे का?"

नाही ना! इथे अर्धी गोष्ट मेन्यूत टिपणं उघडून वाचावी लागते. २०२३ च्या सोळाव्या भागात तर प्रसंग मध्येच थांबवून हा कोण, तो कोण हे बघायची सोयच दिली आहे. चांगली सोय आहे, पण कुंजी, म्हणजे गाईड, आत घालूनच पुस्तक विकायचं म्हणजे काय ते समजा.

होप नावाच्या पोराने तर अंत पाहिला. त्याची आई स्नो नावाच्या धिप्पाड माणसाच्या हातातून निसटून दरीत पडते. पोरगा मनात खुन्नस धरून त्याच्याच आसपास फिरतो. आई जाते पहिल्या अध्यायात, हा तोंड उघडतो सातव्यात. आमची आई रोज विचारायची, "बोलला का?" नाही. "अजून नाही? मुका आहे का मेला?"

आणि मग साझ आला. विमान चालवणारा, मोठ्या केसांचा, केसांत पिवळं पिल्लू बाळगणारा. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला निवडलं जातं, आणि ते पोर बापाच्या देखत स्फटिक होतं. मी फालसी म्हटलं नाही, लसी म्हटलं नाही. नुसतं बाप आणि मुलगा एवढंच सांगितलं. पदराखाली शांतता. झोपली असेल म्हणून मी उठलो.

"आणि त्या पिल्लाचं काय झालं?" तिने नाक ओढत विचारलं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला त्या दुपारी मी तिला समोर बसवलं. मुद्दाम अवघड लढाई निवडली. तीन मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, ही तर पंगत आहे! मठ्ठा मागे राहिला की पोळीवाल्याला तिकडे पळवायचं." आणि लगेच, "तो पडतोय बघ कोपऱ्यातला! मलमपट्टी! मलमपट्टी कर ना!" मी बटण दाबायच्या आधी ती ओरडत होती, आणि दरवेळी तिचंच बरोबर. लढाई संपली, पाचपैकी तीन तारे मिळाले. "दोन कुठे गेले?" तिने दहावीच्या निकालाच्या दिवशीच्या आवाजात विचारलं.

पडद्यावर होप आला, डोळे भरून क्षितिजाकडे बघू लागला.

"हाच का तो न बोलणारा?"

"हो."

"पुढे ढकल," आई म्हणाली.