साडेसतरा रुपयांची कर्णफुले

पार्ल्यातल्या एका सभागृहात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात गेल्या रविवारी मी पॉलिमर क्लेच्या दागिन्यांचा स्टॉल लावला होता. विक्री बरी झाली, एवढे सांगून तो विषय मिटवते. मला बोलायचे आहे ते शेजारच्या स्टॉलवर साड्या पाहण्यात रमलेल्या एका बाईंच्या यजमानांविषयी, ज्यांना वेळ काढायला जागा हवी होती आणि जे मला न विचारता माझ्याच खुर्चीत स्थानापन्न झाले.

"हे कशाचं?" चाफ्याच्या कर्णफुलांचा एक जोड उचलून त्यांनी विचारले.

"पॉलिमर क्लेचं."

"म्हणजे माती."

माती नव्हे, याचा मूळ घटक पीव्हीसी असतो, त्यात प्लॅस्टिसायझर मिसळल्यामुळे ते कणकेसारखे मळता येते आणि भट्टीत भाजले की कडक होते, अशी सविस्तर माहिती मी दिली. गृहस्थांचा चेहरा उजळला.

"पीव्हीसी! म्हणजे आमच्या गच्चीवरचा पाइप!"

त्यानंतर त्यांच्या सोसायटीच्या गळक्या पाइपाचा समग्र इतिहास, त्यात कंत्राटदाराने लाटलेले पैसे आणि स्वतः गृहस्थांनी सर्वसाधारण सभेत उघडकीस आणलेली तफावत, हे सारे मला उभ्याने ऐकावे लागले. मग ते मूळ मुद्द्यावर आले.

"पाइप फुटावर मिळतो. हे कसं देता?"

"जोडावर. साडेचारशे रुपये."

त्यांनी शांतपणे मोबाइलवर गणकयंत्र उघडले. एक वडी केवढ्याची? अडीचशेची. वजन? 57 ग्रॅम. एका जोडाला किती लागते? साधारण 4 ग्रॅम. "साडेसतरा रुपये," ते विजयी स्वरात म्हणाले, "हूक तुम्ही भुलेश्वरहून घाऊक आणले असणार, ते धरतच नाही."

एवढ्या औदार्यानंतर त्यांना काय सांगायचे? पांढरी क्ले हाताळायची म्हणजे आधी हात, टेबल आणि लाटणे पुसून घ्यावे लागते आणि गडद कुर्ता टाळावा लागतो, कारण एक धागा चिकटला तरी पाकळी वाया जाते. त्यातून आमच्या खिडकीबाहेर मेट्रोचे काम चालू आहे आणि वळचणीला कबुतरे आहेत. चाफ्याचा पिवळा रंग पांढऱ्यात अलगद विरला पाहिजे, म्हणून दोन रंगांचे त्रिकोण जोडून ते पास्ता यंत्रातून पुन्हा पुन्हा, दर वेळी एकाच दिशेने दुमडून काढावे लागतात. ज्युडिथ स्किनर या बाईंच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत हाताला बसेपर्यंत दंड भरून येतात. माझ्या क्लेच्या वेष्टनावर दर 6 मिलिमीटर जाडीला 130 अंशांवर 15 मिनिटे भाजावे, असे छापलेले असते. उष्णता वाढली की पांढरा रंग करपट होतो, आणि फारच वाढली तर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात. त्यासाठी मी वेगळी भट्टी घेतली, जिच्यात केक होत नाही याचा सासूबाईंना आजही राग आहे.

यातले निम्मे मी बोलून दाखवले. गृहस्थांनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाले, "पण घरबसल्या वेळ छान जातो ना?"

हे वाक्य मला अजून पचलेले नाही. पलीकडे त्यांच्या पत्नी हातमागाच्या साडीला हात लावत होत्या, पण त्या साडीत सूत किती ग्रॅम आहे आणि विणकराचा वेळ कसा जातो, हे विचारायला ते काही तिकडे गेले नाहीत. बाईने घरी बसून केलेल्या कामाची मजुरी हिशेबात शून्य धरण्याची सवय एवढी मुरलेली आहे, की ती दाखवून दिली तर दाखवणारीच हावरट ठरते. लोकलच्या महिला डब्यात वीस रुपयांना कानातले मिळतात, हेही त्यांनी ऐकवले. मिळतात, आणि मीही घेते. परंतु ते साच्यातून शेकड्यांनी निघतात.

"मग तुम्हीही साचे आणा," असा सल्ला देऊन आणि जोड उलटा ठेवून ते एकदाचे उठले. एवढा वेळ मागे उभ्या राहून सारे ऐकत असलेल्या दोन महाविद्यालयीन मुली लगबगीने पुढे सरकल्या.

"काकू," त्यांच्यातली एक म्हणाली, "ते पाइपाचे कानातले सेल्फीसाठी घालून बघू का?"