दोन तृतीयांश पुस्तक संपेपर्यंत रिंगण येत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तीन आठवडे आमच्याकडे मुलुंडला राहायला आली होती. 'द हंगर गेम्स' या कादंबरीमालिकेचा पहिला भाग ती वाचूनच आली होती आणि पहिल्या संध्याकाळी तिने तो माझ्या हातात ठेवला. तो मी चार दिवसांत संपवला. मग एके दिवशी कार्यालयातून निघाल्यावर हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगातून दुसरा भाग, म्हणजे 'कॅचिंग फायर', शोधून आणला. प्रत एकच आणि वाचणाऱ्या दोघी, त्यामुळे दिवसा पुस्तक तिच्याकडे आणि रात्रीच्या जेवणानंतर माझ्याकडे, अशी वाटणी ठरली. तिची खूण नेहमी माझ्या खुणेच्या ऐंशी-नव्वद पाने पुढे असायची. या वाचनातून मला जे जाणवले ते येथे सविस्तर लिहीत आहे. कथानकातील काही महत्त्वाच्या घटना त्यात येतील, शेवट मात्र मी सांगणार नाही.

सुझान कॉलिन्स यांच्या या मालिकेचा पहिला भाग 2008 साली आला, दुसरा 2009 मध्ये आणि तिसरा 2010 मध्ये. पॅनेम नावाच्या देशात कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी बारा जिल्ह्यांवर राज्य करते आणि जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा व एक मुलगी रिंगणात उतरवते. चोविसांपैकी एकच जिवंत राहावा असा नियम असतो आणि हा सारा संहार टीव्हीवर दाखवला जातो. पहिल्या भागाच्या शेवटी कोळसा खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातील कॅटनिस एव्हरडीन आणि पीटा मेलार्क विषारी बोरे तोंडापाशी नेतात आणि एकही विजेता उरणार नाही या भीतीने कॅपिटॉलला दोघांनाही जिवंत सोडावे लागते.

'कॅचिंग फायर' हे पुस्तक 'वेगवान' आहे असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण हा वेग कुठून येतो याचा विचार करताना मी पाने मोजली. पुस्तकात 27 प्रकरणे आहेत आणि कॅटनिस रिंगणात पोहोचते ती अठराव्या प्रकरणाच्या अखेरीस. म्हणजे ज्या झुंजीसाठी वाचक पुस्तक हाती घेतो, ती दोन तृतीयांश मजकूर वाचून झाल्यावर सुरू होते, आणि तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही. माझ्या मते याचे कारण असे की लेखिका पहिल्या भागातील विजयाची किंमत पानोपानी वसूल करत जाते. सुरुवातीलाच राष्ट्राध्यक्ष स्नो कॅटनिसच्या घरी येऊन बसतो आणि बजावतो की तुझ्या त्या मूठभर बोरांनी जिल्ह्यांत ठिणगी पडली आहे, तेव्हा ते सारे प्रेमापोटी केले होते हे लोकांना पटवून दे. त्या क्षणापासून तिचा प्रत्येक शब्द कुणाच्या तरी जिवावर उठू शकतो.

अकराव्या जिल्ह्यातील प्रसंग मी दोनदा वाचला. रिंगणात मरण पावलेली चिमुकली रू याच जिल्ह्यातली. विजययात्रेत व्यासपीठावर उभी असताना कॅटनिसला राहवत नाही आणि ती लिहून दिलेले भाषण सोडून रूच्या कुटुंबाचे मनापासून आभार मानते. त्यावर गर्दीतील एक वृद्ध रूची चार सुरांची शीळ वाजवतो आणि सारा जमाव तीन बोटे ओठांना लावून तिच्या दिशेने उंचावतो. काही क्षणांतच त्या वृद्धाला पुढे ओढून गोळी घातली जाते. कॅटनिसने काहीच वाईट केलेले नसते, तिने केवळ कृतज्ञता व्यक्त केलेली असते, आणि तीच एका माणसाच्या मृत्यूला कारण ठरते. (तीन बोटांची ही खूण 2014 च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधील आंदोलकांनी आणि 2021 मध्ये म्यानमारमधील आंदोलकांनीही उचलली.)

मग येतो पंचाहत्तराव्या खेळांचा जाहीरनामा. दर पंचवीस वर्षांनी खेळाला काही विशेष अट घातली जाते, आणि या खेपेला अट अशी की बळी जुन्या विजेत्यांमधूनच निवडले जातील. बाराव्या जिल्ह्यात जिवंत विजेते तिघेच, कॅटनिस, पीटा आणि त्यांचा मार्गदर्शक हेमिच, आणि त्यांत स्त्री एकच. चिठ्ठी काढण्याआधीच तिचे नाव निघालेले असते. हे पान माझ्या भाचीने दुपारी वाचले आणि मी घरी परतेपर्यंत ती दाराशी थांबली होती, पण तिने मला एक अक्षरही सांगितले नाही. रात्री मी ते पान वाचत असताना ती समोर बसून माझा चेहरा पाहत होती.

पात्रांविषयी लिहायचे तर फिनिक ओडेरविषयी लिहायला हवे. देखणा, गर्विष्ठ, साखरेचे खडे चघळत सलगी करणारा हा दुसऱ्या जिल्ह्यातला तरुण विजेता पहिल्या भेटीत कॅटनिसला आवडत नाही आणि मलाही आवडला नाही. त्याच्यासोबत मॅग्स नावाची ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, जिचे बोलणे फारसे कुणाला समजत नाही. रिंगणात विषारी धुके अंगावर येऊ लागते तेव्हा हा फिनिक तिला पाठीवर घेऊन पळतो. पीटाला नीट पळता येत नाही, कारण पहिल्या भागात त्याने एक पाय गमावलेला आहे आणि तो कृत्रिम पायावर चालतो. फिनिक पीटाला उचलतो, कॅटनिस मॅग्सला घेते, पण तिची ताकद संपते. तेव्हा ती म्हातारी फिनिकचे चुंबन घेते आणि सरळ त्या धुक्यात चालत जाते.

पुस्तकातील सर्वांत वेगवान प्रकरणांपैकी हे एक आहे आणि त्याचा सगळा ताण एका अधू पायावर आणि एका म्हातारीच्या वजनावर तोललेला आहे. सगळेच तरुण आणि धडधाकट असते तर ती नुसती शर्यत झाली असती. पहिल्या भागातील जखम दुसऱ्या भागात अशी कामाला यावी, हे मला फार मोलाचे वाटते. माझ्या लहानपणी मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर जीव टाकत असे आणि आजही टाकते, पण बन्याची बहुतेक साहसे आपापल्या जागी पूर्ण होतात आणि पुढच्या पुस्तकात तो पुन्हा ताजातवाना सायकलवर बसतो. त्या वयात तेच हवे होते. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र मुलांना कळू लागते की झालेली गोष्ट पुसली जात नाही, आणि हे पुस्तक त्यांच्याशी त्याच विषयावर प्रामाणिकपणे बोलते. 'यात फार हिंसा आहे' म्हणून ते मुलांच्या हातून काढून घेणाऱ्या पालकांशी म्हणूनच मी सहमत नाही. इथे प्रत्येक महत्त्वाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्याला तो बाळगून जगावे लागते.

सारेच उत्तम आहे असे नाही. आठव्या जिल्ह्यातून पळून आलेल्या दोन स्त्रिया जंगलात कॅटनिसला भेटतात, जुन्या बंडात नष्ट झाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या तेराव्या जिल्ह्याविषयीची माहिती देतात आणि कथेतून निघून जातात. त्या माणसे वाटत नाहीत, निरोप वाटतात. कॅटनिसचे तिचा जुना मित्र गेल आणि पीटा यांच्यामधील दोलायमान मनही काही ठिकाणी तेच ते बोलते. भाचीला हे अजिबात मान्य नाही आणि त्यावरून आमचा दोन रात्री वाद झाला.

शेवटची पन्नास पाने मी कार्यालयात जाताना मुलुंड ते सीएसएमटीच्या धीम्या गाडीत वाचली. त्या दिवशी पुस्तक माझ्याकडे राहावे म्हणून भाचीने आपल्या वाटणीचा दिवस सोडला होता, कारण तिचे ते आदल्या दिवशीच वाचून झाले होते. संध्याकाळी परतल्यावर तिने पुस्तक माझ्याकडून घेतले आणि थेट सहावे प्रकरण उघडले. तेथे कॅपिटॉलच्या मेजवानीत खेळांचा नवा मुख्य सूत्रधार नाचता नाचता कॅटनिसला आपले खिशातले घड्याळ दाखवतो. ते अर्धे पान तिने मला मोठ्याने वाचून दाखवले आणि विचारले, "मावशी, पहिल्यांदा वाचताना तू इथे थांबली होतीस का गं?"

मी थांबले नव्हते. मग आम्ही दोघींनी ते पान पुन्हा सुरुवातीपासून वाचले.