खुलासा : व्हिएतनाममधले ‘फक्त सल्लागार’

‘अमेरिका व्हिएतनाम युद्धात १९६५ साली उतरली, त्याआधी तिथे फक्त सल्लागार होते आणि ते लढत नव्हते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातले ‘लढत नव्हते’ हे साफ चुकीचे आहे.

अमेरिकेचे लष्करी सल्लागार मंडळ १९५० मध्येच सायगावला पोहोचले होते, तेही तिथली आपली वसाहत टिकवायला लढणाऱ्या फ्रेंचांच्या मदतीला. जुलै १९५९ मध्ये बिएन होआ इथल्या हल्ल्यात दोन सल्लागार मारले गेले. केनेडींच्या काळात सल्लागारांचा आकडा हजाराच्या आतून सोळा हजारांवर गेला. १९६१ च्या अखेरीपासून अमेरिकी वैमानिक प्रत्यक्ष बॉम्बफेक करत होते. विमानात एक व्हिएतनामी सैनिक बसवला की कागदोपत्री ते ‘प्रशिक्षण’ ठरे. ही जनतेची सरळ फसवणूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढची साखळी नीट पाहा. फेब्रुवारी १९६५ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधल्या प्लेकूच्या तळावर कम्युनिस्ट बंडखोरांच्या हल्ल्यात आठ अमेरिकी ठार झाले. त्याचा बदला म्हणून त्या बंडखोरांना पाठबळ देणाऱ्या उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेचे हवाई हल्ले झाले. विमाने आली म्हणून विमानतळाला पहारा हवा, म्हणून ८ मार्चला दा नांगला अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले, सुमारे साडेतीन हजार. वर्षअखेर तिथे पावणेदोन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते.