साखर, कोकेन आणि बोर्दोचे उंदीर

‘साखर कोकेनपेक्षा जास्त व्यसन लावते, उंदरांवर सिद्ध झालंय. सोडली की गर्दुल्ल्यासारखी तडफड होते. मेंदूत डोपामिन उसळतं. आजच साखर बंद, गूळ सुरू!’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

उंदरांचा प्रयोग खरा आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. एक कळ दाबली की थेट शिरेतून कोकेन, दुसरी दाबली की गोड पाणी. ९४ टक्के उंदीर गोड पाण्याकडे वळले. मात्र मुख्य प्रयोगातलं हे पाणी साखरेचं नव्हतंच, सॅकरिन या कृत्रिम गोडव्याचं होतं! साखरेचं पाणी दिल्यावरही कल तोच निघाला, हे मान्य. पण दोनांतली एक गोष्ट जास्त आवडली म्हणजे तिचं व्यसन लागलं, असं होत नाही. नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, ते व्यसन.

तडफडीचा पुरावा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. तिथल्या उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवून मग खाणं आणि साखरेचं पाणी देत. ते त्यावर तुटून पडत. पुढे अफूवर उतारा म्हणून वापरतात ते औषध टोचलं, की दात वाजवत, थरथरत. याच लक्षणांचा एवढा गवगवा झाला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की उपास-मेजवानीचा हा खेळ नसेल तर प्राण्यांत व्यसनासारखं वागणं दिसत नाही आणि माणसांबाबत पुरावा फारच तोकडा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या मनोविकारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, साखरेचं नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन सोडल्यावरचा त्रास मात्र आहे, तेव्हा सकाळचा चहा चुकल्यावर डोकं ठणकलं तर साखरेवर आळ घेऊ नका.

डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, उसळतं, खरंय. ते आवडतं गाणं ऐकतानाही उसळतं. कोकेन मात्र सुटलेलं डोपामिन परत शोषून घेण्याची वाटच अडवतं. साखर असं करत नाही.

राहिला गूळ. हा सल्ला वाचून हसूच आलं. गूळही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच. साखर अमली पदार्थ असेल तर गूळ कसा सुटला? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस हे सगळं मिळून रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगितलं. २००० कॅलरींच्या आहारात ते साधारण ५० ग्रॅम होतात. कारणं वजन आणि दातांची कीड. गुळाचा चहा आवडत असेल तर जरूर प्या, पण तो गूळ त्याच ५० ग्रॅममध्ये धरा.