‘चार प्रकारचे खेळाडू, चार उतारे’: पोकरच्या एका लोकप्रिय ठोकताळ्याचा प्रतिवाद

टेक्सास होल्डम, म्हणजे प्रत्येकाच्या हातातले दोन आणि टेबलावरचे पाच सामाईक पत्ते मिळून होणारा पोकरचा प्रकार, खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : टेबलावरचा प्रत्येक जण टाइट (मोजकेच हात खेळणारा) किंवा लूज (पुष्कळ हात खेळणारा) आणि अ‍ॅग्रेसिव्ह (स्वतःहून पैसे वाढवणारा) किंवा पॅसिव्ह (बहुधा नुसता मागे जाणारा), अशा चार खणांपैकी एकात बसतो, कोण कुठल्या खणातला, हे दहा मिनिटांत कळते, लूज खेळाडूला ब्लफने, म्हणजे कमजोर हातावर पैसे लावून, घाबरवावे, टाइट खेळाडूने पैसे लावले की पत्ते टाकून द्यावेत, अ‍ॅग्रेसिव्ह खेळाडूला त्याच्याहून मोठी रेझ करून, म्हणजे लावलेली रक्कम वाढवून, दाबावे, आणि आपण स्वतः मात्र कायम टाइट-अ‍ॅग्रेसिव्ह राहावे, कारण तीच सर्वश्रेष्ठ शैली. हे खण उपयोगाचे आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांवरचे उतारे, म्हणजे उपाय, मात्र काही उलटे, तर काही अर्धवट आहेत. समोरचा किती हात खेळतो आणि किती जोर लावतो, एवढेच शैलीवरून कळते. त्याला काय उत्तर द्यायचे, हे या क्षणी त्याच्याकडे कोणकोणते हात उरले असतील, यावरून ठरते.

आधी दहा मिनिटांचा दावा पाहू. पत्ते पिसणे, वाटणे आणि चिपा मोजणे धरून प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, म्हणजे दहा मिनिटांत चार-पाच. शंभरांतले २० हात खेळणारा टाइट खेळाडू सलग पाच डाव पत्ते टाकून देईल, याची शक्यता ३३ टक्के आहे. पण ४० हात खेळणारा लूज खेळाडूही नुसत्या वाईट पत्त्यांमुळे तसेच करण्याची शक्यता ८ टक्के आहे. उलट, टाइट खेळाडूने त्याच पाच डावांत तीन किंवा अधिक हात खेळले, असे शंभरांत सहा वेळा घडते. एवढ्याशा पुराव्यावर माणसाला कायमचे नाव ठेवणे घाईचे आहे. ऑनलाइन टेबलांवर शेकडो डावांचे आकडे पडद्यावर दिसत, तिथली सवय या दाव्यामागे असावी. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर मांडवीवरच्या कॅसिनो बोटीत ती सोय नाही. तिथे एखाद्याने शेवटी उघडे केलेले पत्ते पाच डावांच्या मोजणीपेक्षा जास्त बोलतात. राजा-चौकीसारखा वेगवेगळ्या रंगांचा कमजोर हात घेऊन कोणी सर्वांत आधी बोलायच्या जागेवरून मुकाट कॉल केला (लावलेल्या रकमेएवढे पैसे भरले) होता, असे दिसले, तर ती नोंद लगेच उपयोगी पडते.

लूज खेळाडूला ब्लफ करावा, हा सल्ला तर थेट नुकसानीचा आहे. आपल्याकडे तीनपत्तीवरून पोकरकडे आलेले पुष्कळ जण असतात आणि समोरच्याचे पत्ते पाहिल्याशिवाय त्यांतल्या अनेकांना चैन पडत नाही. पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) १,००० असताना आपण १,०००चा ब्लफ केला आणि समोरचा दहांपैकी आठ वेळा कॉल करणारा असला, तर दोनदा मिळून २,००० येतात आणि आठ वेळा मिळून ८,००० जातात. पॉटएवढा ब्लफ निदान निम्म्या वेळा लागू पडावा लागतो, आणि हा माणूस तेवढा पळत नाही. त्याच्याविरुद्ध पैसा येतो तो मध्यम-चांगल्या हातांवर निर्धास्तपणे पैसे लावण्यातून. समजा, आपल्याकडे एक्का-दश्शी आहे आणि फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत) इस्पिकचा एक्का, चौकटची सत्ती आणि किलवरची तिर्री आली. पुढे टर्नला (चौथ्या पत्त्याला) बदामची नव्वी आणि रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) किलवरची चौकी पडली. सावध माणसाविरुद्ध रिव्हरला चेक करणे, म्हणजे पैसे न लावता पाळी सोडणे, शहाणपणाचे ठरले असते, कारण इतका वेळ टिकून राहिलेला तो बहुधा आपल्यापेक्षा सरस असतो. इथे मात्र एक्का-छक्कीवाला आणि सत्तीची जोडी धरून बसलेलाही तिसऱ्यांदा कॉल करणार आहे. कॉल करणाऱ्या हातांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्यापेक्षा कमजोर असले, की ती बेट फायद्याची होते. रिव्हरला घाबरून चेक करणारे ब्लफमध्ये मात्र उदार असतात, हे एक कोडेच आहे.

टाइट खेळाडूने पैसे लावले की पळावे, हे अर्धसत्य आहे आणि इथे हात मोजूनच पाहावे लागते. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. एखादा जण दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी एवढ्यावरच रेझ करत असेल, तर त्या जोडणी ३० अधिक ३२, म्हणजे ६२ होतात, पाच टक्क्यांच्याही आत. आपण नव्वीची जोडी घेऊन कॉल केला आहे. फ्लॉपवर अठ्ठी, छक्की, तिर्री आली, तर त्याच्या ६२पैकी ३२ हातांत साधी जोडीही नसते. त्याने अर्ध्या पॉटची बेट केली, तर कॉल परवडायला आपल्याला २५ टक्के जिंकणे पुरते. त्यामुळे इथे पळणे म्हणजे पैसे दान करणे होय. आता फ्लॉपवर एक्का, अठ्ठी, तिर्री आली असे धरा. त्याच्याकडे उरलेल्या ५१ जोडणींपैकी प्रत्येक आपल्या नव्वीच्या जोडीला हरवते, आणि तिथे पत्ते टाकायला क्षणाचाही विलंब नको. माणूस तोच, शैली तीच, उत्तरे मात्र दोन. अठ्ठीच्या फ्लॉपवर एकदा कॉल केल्यानंतर त्याने टर्नलाही जोर लावला, तर मात्र माघार घ्यावी, कारण हुकलेला एक्का-राजा घेऊन दुसऱ्यांदा पैसे लावणारे टाइट खेळाडू थोडे असतात.

अ‍ॅग्रेसिव्ह खेळाडूवर रेझचा मारा करण्याचा सल्ला मर्दानी वाटतो, म्हणूनच बहुधा तो सर्वांत जास्त आवडतो. रिव्हरला पॉट १,०००चा आहे, त्याने १,००० लावले आहेत आणि आपल्याकडे मधली जोडी आहे. अशा दहा वेळांपैकी सहा वेळा त्याचा हात खरा आणि चार वेळा रिकामा असे धरू. नुसता कॉल केला, तर चार वेळा २,००० मिळून ८,००० येतात, सहा वेळा १,००० मिळून ६,००० जातात, आणि २,००० उरतात. रेझ केली, तर रिकामे हात पळतात, पण त्यांच्याकडून येणारे ८,००० तेवढेच राहतात. खरे सहा हात मात्र टिकून आपले आणखी पैसे घेतात. फ्लॉपच्या आधीची गोष्ट वेगळी आहे. तो ४० टक्के हातांवर रेझ करत असेल, तर एक्का-राणीने पुन्हा रेझ करणे योग्यच, कारण त्याचे कमजोर हातही कॉल करतात. शक्य असल्यास त्याच्या डाव्या हाताला बसावे; मग तो आपल्या आधी बोलतो.

राहिला सर्वश्रेष्ठ शैलीचा मुद्दा. नऊ जणांच्या टेबलावर दोन्ही ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी पाळीपाळीने भरायच्या लहान आणि मोठ्या सक्तीच्या रकमा) मिळून मोठ्या ब्लाइंडच्या दीडपट रक्कम नऊ डावांत एकदा भरावी लागते. दोघेच उरले, की तीच रक्कम दर दोन डावांना जाते, आणि चांगल्या पत्त्यांची वाट पाहणारा झिजत जातो. अमेरिकी खेळाडू डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हा दोन्ही वेळा शेवटचा हात दश्शी-दुर्री होता. दश्शी-दुर्री चांगला हात आहे, असे यावरून ठरत नाही. दोघांतल्या लढतीत असे हात खेळात येतात, एवढेच दिसते. २०१९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांचा प्लुरिबस हा प्रोग्राम सहा जणांच्या टेबलावर पाच व्यावसायिकांविरुद्ध १२ दिवसांत १०,००० डाव खेळून सरस ठरला, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शैलीनुसार तो स्वतःचा खेळ बदलत नव्हता. शैली ओळखणेच व्यर्थ, असा अर्थ काही जण यातून काढतात, तोही मला पटत नाही. प्लुरिबससमोर जगातले निष्णात खेळाडू होते. आपल्यासमोर सत्तीची जोडी घेऊन रिव्हरपर्यंत कॉल करत आलेला गृहस्थ बसला आहे, आणि एक्का-दश्शी हातात असताना तिथे चेक करणे म्हणजे त्याने देऊ केलेले पैसे परत करणे आहे.