वसुली एजंटाच्या सेटलमेंट ऑफरला कसे उत्तर द्यावे

क्रेडिट कार्डाची थकबाकी निम्म्या रकमेत 'फायनल सेटल' करून देणारा देवमाणूस आपल्याला फोनवर भेटला, तर आपण स्वतःला भाग्यवान समजावे. मला तो गेल्या आठवड्यात भेटला. त्याने म्हणे माझ्यासाठी वरिष्ठांच्या हातापाया पडून 'स्पेशल अप्रूव्हल' मिळवले होते आणि हे औदार्य त्याच दिवशी संध्याकाळी सहाला संपणार होते. ज्या शुल्कावरून बँकेशी माझा लेखी वाद चालू आहे, त्याच शुल्काची ती थकबाकी होती, ही बाब त्याला किरकोळ वाटली. अशा उपकारकर्त्याचे मन मोडू नये, म्हणून या काही सूचना.

सहाची मुदत पवित्र मानावी. हीच ऑफर पुढच्या महिनाअखेरीस, टार्गेट अपुरे राहिले की, पुन्हा आणि कदाचित आणखी स्वस्तात येईल, अशी शंका मनात आणू नये.

बँकेचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागून त्याला अवघडवू नये.

लेखी पत्राचा आग्रह तर मुळीच धरू नये. 'आधी पैसे भरा, लेटर सिस्टीममधून आपोआप येईल' या वाक्यावर श्रद्धा ठेवावी. मी हट्ट धरला, तेव्हा व्हॉट्सॲपवर एक चित्र आले. त्यावर बँकेचे बोधचिन्ह धुरकट, माझे आडनाव चुकीचे, खाली कुठून तरी कापून चिकटवलेली सही, आणि संदर्भ क्रमांकाच्या जागी काहीच नाही. कर्जखात्याचा क्रमांक नाही, रक्कम भरण्याची तारीख नाही, आणि उरलेली रक्कम माफ झाली असून तिच्यावर बँकेचा वा बँकेकडून कर्ज विकत घेणाऱ्या कोणाचाही दावा राहणार नाही, हे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते एक वाक्यही नाही! पैसे कोठे भरायचे, तर एका खासगी मोबाइल क्रमांकाच्या यूपीआयवर. उद्या दुसरी एजन्सी त्याच उरलेल्या रकमेसाठी दारात उभी राहिली, तर तिला हे चित्र दाखवायचे काय?

खाते जुने असेल, तर 'टोकन' म्हणून थोडे पैसे भरून 'थकबाकी मान्य आहे' असे लिहून सही करावी. मुदत कायदा, १९६३ नुसार दाव्याची साधारण तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी अशी सही दिली, की ही मुदत नव्याने मोजली जाते. मुदत उलटल्यावर दिलेले सहीचे लेखी वचन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ नुसार बंधनकारक ठरू शकते.

क्रेडिट अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा राहतो, हे पुढच्या गृहकर्जाच्या वेळी कळले तरी चालेल.

आणि नातेवाईकांना फोन गेले, तर ते घरोब्याचे लक्षण समजावे. माझ्या वहिनीला रात्री साडेआठला फोन करून 'तुमच्या दिरावर पोलीस केस होणार' असे सांगितले गेले, तो घरोबा नव्हे, निव्वळ गुंडगिरी होती. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, कर्जदाराच्या कुटुंबीयांना आणि मित्रांना त्रास नको, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. नुसती थकबाकी हा दिवाणी मामला आहे. चेक वटला नाही किंवा फसवणूक झाली, तर गोष्ट वेगळी.

कर्ज बुडवा असे मी म्हणत नाही. पण घाबरून सहाच्या आत पैसे पाठवणाऱ्यांनो, तुमच्या या घाईवरच हा धंदा चालतो! फोन ठेवा, बँकेच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करून ही ऑफर खरी आहे का ते विचारा, पत्र हातात आल्यावरच थेट कर्जखात्यात भरा आणि नंतर 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्या. त्रास झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेथे शुल्क लागत नाही. आणि 'तो आमचा कर्मचारी नाही, एजन्सीचा माणूस आहे' असे मला शाखेत ऐकवणाऱ्या बँकेला थोडी तरी लाज वाटायला हवी, कारण त्या माणसाच्या वागण्याची अंतिम जबाबदारी रिझर्व्ह बँकेने तिच्याच गळ्यात बांधली आहे.