‘एक पत्र मागितलं, तीन माथी मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आम्ही लिहून दिलेलं दरवाढीचं पत्र गेल्यावर तुमच्या ऑफिसात ग्राहकांचे फोनवर फोन आले आणि तुमची माणसं त्यातच अडकून पडली, याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. असा मनस्ताप कुणालाच होऊ नये.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘एक पत्र मागितलं, यांनी तीन माथी मारली आणि बिल फुगवलं.’ याला उत्तर देणं भाग आहे. आमचा व्यवसाय लहान आहे. नवीन माणूस आम्हाला फोन करण्याआधी हेच पान वाचतो, आणि ‘बिल फुगवलं’ एवढं वाचलं की फोन न करताच दुसरीकडे जातो.

तुम्हाला दिलेलं कोटेशन पूर्ण कामाचं होतं, पत्रांच्या संख्येवर नव्हतं. कोटेशन आणि बिल शेजारी शेजारी ठेवून पाहा, रक्कम तीच आहे. एकच पत्र केलं असतं तरी बिल तेवढंच आलं असतं. तीन पत्रांमुळे वाढलं ते आमचं काम, तुमचा खर्च नाही.

मग तीन का केली? काम सुरू करताना आम्ही एक छोटी प्रश्नावली पाठवली होती. पत्र आधी कोण वाचणार, पुढे कुणाकडे जाणार, त्यांना आत्ता काय माहीत आहे, वाचून झाल्यावर त्यांनी काय करावं अशी अपेक्षा आहे, असे प्रश्न होते. (तुम्ही म्हणता तो ‘फुकट गेलेला वेळ’ म्हणजे हीच प्रश्नावली.) ‘पत्र कुणाकुणाला जाणार?’ यापुढे तुमच्याकडून एकच शब्द आला: ‘सगळ्यांना’. या ‘सगळ्यांना’मध्ये कोण कोण येतं हे विचारण्यातच बराचसा वेळ गेला. शेवटी तुमच्याकडूनच कळलं की त्यात ग्राहक आहेत, विक्रेते आहेत आणि तुमचा स्वतःचा स्टाफही आहे.

दरवाढ एकच, पण तिघांचे प्रश्न वेगळे. ग्राहक बघतो की नवा दर कधीपासून, आणि आधीच दिलेल्या ऑर्डरला जुना दर लागणार की नवा. विक्रेत्याला काळजी मार्जिनची आणि गोदामात पडून असलेल्या जुन्या मालाची. तुमच्या विक्री विभागातल्या माणसाला वेगळंच हवं असतं: समोरचा भांडायला लागला तर काय बोलायचं, आणि सूट द्यायचा अधिकार आपल्याला आहे की साहेबांना विचारायचं. स्टाफला थेट सांगितलेलं चालतं. जुन्या ग्राहकाला मात्र आधी एका ओळीत कारण सांगावं आणि लगेच तारीख द्यावी. कारणं लांबवत गेलं की तो बातमी शोधत बसतो आणि चिडतो. हे सगळं एका कागदात कोंबलं तर कुणालाच आपलं उत्तर पटकन सापडत नाही. शिवाय जे त्याच्यासाठी नाही तेही त्याच्या वाचनात येतं.

तुमच्याकडे नेमकं हेच झालं. ग्राहकांना गेलेल्या पत्राची प्रत तुम्ही पाठवलीत ती पाहिली. ते विक्रेत्यांसाठीचं पत्र आहे. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलंय, ‘नव्या दरातही आपलं मार्जिन पूर्वीइतकंच राहील.’ ज्याला जास्त पैसे मोजायचे आहेत त्याच्या हातात ही ओळ पडल्यावर तो फोन करणारच. विक्रेत्याला धीर देणारं तेच वाक्य ग्राहकाच्या जखमेवर मीठ चोळतं. पत्र कुणासाठी आहे हे तिन्ही फायलींत अगदी वर, ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. कामाच्या घाईत अदलाबदल होऊ शकते, त्याबद्दल तुमच्या माणसांना बोल लावत नाही. पण ‘पत्रच भिकार होतं’ असं जाहीरपणे वाचून फार लागलं, सर. ग्राहकांसाठी लिहिलेलं पत्र तर अजून एकाही ग्राहकापर्यंत पोहोचलेलं नाही.

भाषा ‘शाळकरी’ आहे असंही तुम्ही म्हटलंय. तुमच्या मूळ मसुद्यात वाक्य होतं, ‘कच्च्या मालाच्या दरांतील चढ-उतार व तदनुषंगिक बाबी विचारात घेता व्यवस्थापनाने दररचनेच्या पुनर्विलोकनाचा निर्णय घेतला आहे.’ आम्ही लिहिलं, ‘येत्या १ तारखेपासून आमचे दर वाढत आहेत. त्याआधी दिलेल्या ऑर्डरींना जुनाच दर लागेल.’ पहिलं वाक्य भारदस्त वाटतं खरं, पण त्यात ‘वाढ’ हा शब्दच नाही आणि तारीखही नाही. साध्या भाषेसाठी २०२३ मध्ये आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. वाचणाऱ्याला हवं ते मिळावं, सहज सापडावं, समजावं आणि वापरता यावं, असं त्याचं सांगणं आहे. मोठमोठे अधिकारी आणि वकीलही कामाचं पत्र दोन मीटिंगांच्या मधेच वाचतात. त्यांच्यासाठीही आम्ही असंच लिहितो आणि लिहीत राहू.

तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे. यापुढे फाईलच्या नावातच वाचक कोण ते लिहू, पाठवल्यावर फोनही करू. कामाच्या पद्धतीत आणखीही काही सुधारणा चालू आहेत. तुमचा माल कोणता आणि दर किती, हे इथे लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.

ग्राहकांचं पत्र तुमच्याकडे तयार आहे. आता ते नुसतं पाठवून भागणार नाही, वर आधीच्या पत्राबद्दल दोन ओळींचा खुलासा लागेल. तो आम्ही वेगळे पैसे न घेता लिहून देतो. कुणाच्या सहीने जाणार तेवढं कळवा, आणि या वेळी ग्राहकांची यादी वेगळी काढून ठेवा.